पूर, बंद आणि घरची भाजी: अडचणीच्या दिवसांसाठी परसबाग करताय तर या चुका टाळा

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणीच विसरलेलं नाही. आमचं घर उंचावर, पाणी आमच्या गल्लीत आलं नाही, पण शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तो जवळजवळ आठवडाभर बंदच राहिला, मग मंडईत भाजी नाही, दुधाची गाडी नाही, पेट्रोलला रांगा, आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळालाही पाणी नाही. माझ्या टेरेसवर तेव्हा सत्तावीस कुंड्या होत्या. त्यातून त्या आठवड्यात निघालं काय तर चार हिरवे टोमॅटो, थोडा पुदिना आणि गवती चहा. आम्हाला जेवू घातलं ते आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोरीमागं वाढवलेल्या अळवानं आणि कुंपणाच्या शेवग्यानं. सहा माणसं, चार दिवस, अळूचं फदफदं आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी आलटून पालटून.

त्यानंतर लॉकडाऊन आला, मग २०२१ च्या जुलैत परत पूर. या सगळ्यात एक गोष्ट मला पक्की कळली, की हौसेची बाग आणि अडचणीची बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचणीच्या बागेला एकच प्रश्न विचारायचा: सगळी दुकानं महिनाभर बंद राहिली तर ही बाग चालेल का? बी पाकिटातलं, कोकोपीट ऑनलाइन मागवलेलं, खत दुकानातलं, पाणी नळाचं, असं सगळं असेल तर बाजार बंद झाला की ती बागपण बंद. खाली ज्या चुका लिहिल्यात त्या जवळजवळ सगळ्या इथूनच सुरू होतात.

संकट आल्यावर बी पेरायला घेणं

२४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीनं डब्यातले मेथ्या-धणे काढून मिळेल त्या टबात पेरले. मीपण पेरले. पण मेथी खुडायला यायला २५-३० दिवस, कोथिंबिरीला ४०-४५, आणि टोमॅटो-वांग्याचं रोप लावल्यापासून पहिलं फळ हातात यायला दोन अडीच महिने. जेव्हा भाजी लागत होती तेव्हा आमच्याकडं नुसते कोंब होते, आणि मेथी तयार झाली तोपर्यंत भाजीवाले दारात यायला लागले होते.

म्हणून बाग कायम चालू पाहिजे. मी आता दर १०-१२ दिवसांनी एकच क्रेट पेरते, एकदम चार नाही. फळांचे जुने प्लास्टिक क्रेट, आत पोत्याचा तुकडा, सहा इंच माती-खत बास होतं पालेभाजीला. एक खुडायला आलेला, एक अर्धा वाढलेला, एक नुकता उगवलेला, असे तीन क्रेट कायम असले की कधीही बाजार बंद होऊ दे, काहीतरी हिरवं ताटात येतंच. आणि पहिल्या आठवड्यासाठी बागेची वाटच बघायची नाही, हुलगे, मटकी, मूग भिजवून मोड काढायचे, दोन दिवसांत उसळ तयार. मेथ्या जरा दाट पेरल्या तर आठ-दहा दिवसांत बोटभर कोवळी रोपं कापून आमटीत टाकता येतात.

एक मात्र जीवाशी येणारी चूक सांगते. कृषी दुकानातलं बियाणं गुलाबी, निळं, हिरवं दिसत असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते फक्त पेरायचं. मोड काढायला, खायला, कोंबड्यांना घालायला, कशालाच वापरायचं नाही, धुऊनपण नाही.

नुसत्या पालेभाजीवर पोट भरेल असं समजणं

अर्धा किलो पालक शिजवला की वाटीभर होतो हे आपल्याला माहितीच आहे. किलोभर पालकात साधारण २३० कॅलरी असतात आणि मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजाराच्या आसपास लागतात. रताळ्याच्या किलोत ८५० च्या पुढं असतात. म्हणजे टेरेसवर कितीही पालेभाजी लावा, तांदूळ, जोंधळा, डाळ, तेल, मीठ यांचा साठा घरात लागतोच, बागेनं त्याला भाजीची जोड द्यायची एवढंच. काही जण बाग आहे म्हणून डबे रिकामे ठेवतात, तसं करू नका.

पण जागा असेल तर पोटाला आधार देणारं काहीतरी लावाच, ते लोक विसरतात. रताळ्याचे फूटभर वेल, चार-पाच डोळे असलेले, कुठल्याही शेतकऱ्याकडं मागितले तर मिळतात, साडेतीन-चार महिन्यात रताळी निघतात आणि तोपर्यंत कोवळ्या पाल्याची भाजीपण होते. सुरण अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावायचा, आठेक महिने विसरायचा. लाल भोपळा तर अडचणीचा राजाच आहे, पूर्ण पिकलेला, दोन-तीन बोटं देठ ठेवून तोडलेला भोपळा कोरड्या हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज राहतो, फ्रीज नको काही नको. पावटा आणि चवळी ओली खा, उरलेली वेलावरच वाळू द्या, ते घरचं कडधान्य.

शेवगा आणि कढीपत्ता एकेक झाड तरी असूच दे. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वादळवाऱ्यात मोडतं आणि शेंगा वर आभाळात लागतात, म्हणून खोड तीन-चार फुटांवर छाटत राहायचं. फुटवे हाताशी येतात, पाला बारा महिने.

बियांकडं दुर्लक्ष

पाकिटावर हायब्रीड किंवा एफ-वन लिहिलेलं असेल तर त्याच्या फळातलं बी धरून ठेवण्यात फारसा अर्थ नाही, उगवेल, पण पुढच्या पिढीत आईसारखं फळ येईल याची खात्री नसते. अडचणीसाठी गावठी वाणच पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती हेच काम केल्याबद्दल, घराघरातलं गावठी बी गोळा करायचं, पेरायचं, वाटायचं.

आपल्याला घरापुरतं करायला काही अवघड नाही. सगळ्यात चांगला दोडका, सगळ्यात चांगला दुधी, पहिल्या बहरातला, तो खायचा नाही, बियाण्याला सोडायचा, दोरा बांधून ठेवायचा म्हणजे घरातलं कुणी तोडत नाही. आमच्यात आत्ती लाल चिंधी बांधतात. फळ वेलावर वाळून खुळखुळलं की बी काढायचं, सावलीत वाळवायचं. वाळलं का नाही ते कसं बघायचं, तर भोपळ्याचं बी वाकवलं की कट्कन मोडलं पाहिजे आणि चवळीच्या दाण्यावर दात रुतला नाही पाहिजे. मग चुलीची चाळलेली राख मिसळून काचेच्या बाटलीत, वर नाव आणि तारीख. तारीख लिहायचीच, कारण कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, मेथी-चवळी-भोपळा चांगलं ठेवलं तर दोन-तीन वर्षं निघतात. शंका आली तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सहापेक्षा कमी उगवले तर दाट पेरा नाहीतर बी बदला.

टेरेसवर माती चढवताना वजनाचा हिशोब न करणं

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे भाजी न येण्यापेक्षा फार मोठं प्रकरण आहे. मीटर बाय मीटरचा वाफा, फूटभर माती, म्हणजे ३०० लिटर माती. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढं जाते, म्हणजे साडेचारशे किलो. आणि आपल्याकडं घराची वापरायची गच्ची डिझाइन करताना वरचा भार साधारण चौरस मीटरला १५० किलो धरतात. तिप्पट झालं की! त्यात मुसळधार पावसात निचऱ्याचं भोक बुजलं तर वर पाणी तुंबतं ते वेगळंच.

माझ्याकडं पहिल्या वर्षी विटा लावून सरळ स्लॅबवरच वाफा केला होता, दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल आली, पोपडे पडले, सगळा वाफा उपसून पाट्या डोक्यावरून खाली आणाव्या लागल्या. आता क्रेट आणि पिंपं विटांवर ठेवलेली आहेत, खालून वारा जातो, फरशी वाळते, जड पिंपं फक्त कडेला, खालच्या भिंती-बीमच्या वर. आणि भरायला माती कमी, पाचट जास्त. आपल्याकडं उसाचं पाचट लोक शेतात पेटवून देतात, तेच मागून आणायचं, तळाला नारळाच्या शेंड्या, मग पाचट आणि वाळका पाला चांगला दाबून, मध्ये मध्ये शेणखत, वरच्या थराला माती. चार-सहा महिन्यात ते खाली बसतं, परत वरून भरायचं. वजन निम्म्याच्या खाली येतं आणि कोकोपीट विकत आणायला लागत नाही. घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, मग एक कुंडी वाढवा.

स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट कुंडीत पुरू नका, अर्धवट कुजलेलं खत आत तापतं, रोपं पिवळी पडून मरतात, उंदीर येतात. खत झालं याची खूण म्हणजे हातात घेतल्यावर पहिल्या पावसाचा वास आला पाहिजे, आंबट वास आला तर अजून थांबा.

पाणी

जास्त पाण्यानं जेवढी रोपं मरतात तेवढी कमी पाण्यानं मरत नाहीत. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मेथी उगवून आडवी पडते, बुडाशी कुजते, त्याचं कारण बहुतेक हेच, आणि दाट पेरणं.

नळ बंद पडला तर काय, याचा विचार मात्र आधी करून ठेवा. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटरच्या आसपास पाणी येतं. पाइपाखाली पिंप लावा, तोंडाला फडकं घट्ट बांधा नाहीतर डेंग्यूचे डास. ते पाणी झाडांना, संडासाला, प्यायचं झालंच तर गाळून चांगलं उकळून. उन्हाळ्यासाठी साधं भाजलेलं, पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरून पाणी भरून ठेवलं तर दोन-तीन दिवस झिरपत राहतं. तांदळाचं, भाज्यांचं धुणवण झाडांना घाला, भांड्याच्या साबणाचं पालेभाजीला नको.

पुराचं पाणी लागलेली भाजी ‘धुऊन’ खाणं

हे करू नका, कळकळीनं सांगते. त्या पाण्यात गटार असतं, डिझेल असतं, मेलेली जनावरं असतात. पाणी लागलेली पालेभाजी, टोमॅटो, काकडी सगळं काढून टाका. मांडवावर पाण्याच्या खुणेच्या वर लटकलेला दुधी असेल तर तो स्वच्छ धुऊन शिजवून चालेल. पाणी ओसरल्यावर लगेच वाफ्यात उतरू नका, चिखलावर पाय पडले की जमीन घट्ट होऊन बसते, आणि अनवाणी तर अजिबात नाही, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची भीती असते. वाळू द्या, वरचा गाळाचा पोपडा काढा, आणि पहिल्यांदा भाजी न पेरता ताग पेरा, ४०-४५ दिवसांत फुलावर आला की हिरवळीचं खत म्हणून तिथंच गाडून टाका.

नदीकाठच्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या आकड्यावर बागेची कामं ठरवून घ्यावीत असं मला वाटतं. ४३ फूट धोका पातळी, पण ३९ फूट इशारा आला त्याच दिवशी खाण्याजोगं सगळं तोडून घ्यायचं, तयार भोपळे माळ्यावर, क्रेट गच्चीवर.

नेहमी विचारतात ते थोडक्यात

दुधीला फुलं भरपूर, फळ नाही: आधी नरफुलंच येतात, पंधरा दिवस धीर धरा. मादीफुलाच्या मागं इवलासा दुधी असतो, तो पिवळा पडून गळत असेल तर मधमाश्या नाहीत, नरफूल तोडून पाकळ्या काढून हातानं परागकण लावा. दुधीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्याचं भल्या पहाटे, वेळ चुकली की कष्ट वाया.

दुधी, काकडी, दोडका चिरताना टोकाचा बारीक तुकडा चाखून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या, कडू दुधीनं खरंच विषबाधा होते, रसानं तर जास्तच.

अळू घशाला खाजतं: चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवा. आणि रानात दिसेल ते अळू आणू नका, आपल्या ओळखीचंच.

मिरचीची पानं आकसून गोळा झाली, म्हणजे बोकड्या: जास्त झालेलं रोप उपटून लांब टाका, बाकीच्यांवर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आठवड्यानं परत. मावा आणि पिठ्या ढेकणालाही हेच, पण आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा.

रताळ्याला नुसता पाला: शेणखत जास्त झालं किंवा ऊन कमी पडलं. वेल उचलून ठेवा म्हणजे जागोजागी मुळं धरत नाहीत.

आणि बियांच्या बाटल्या तळघरात, ओट्याखाली, खालच्या फडताळात ठेवू नका. माझी नणंद शिरोळ तालुक्यात असते, २०२१ ला रात्री निघताना त्यांनी कागदपत्रं घेतली, जनावरं सोडवली, आणि तिच्या सासूनं वीस वर्षं जपलेलं पावट्याचं बी खालच्या फडताळात राहिलं. परत आल्यावर ते गाळात कुजून गेलेलं. आमच्या घरचा वाण मूळचा तिच्याकडचाच होता, म्हणून तिला परत मूठभर देता आला. आता तिच्याकडं रेशनकार्डाच्या पिशवीतच बियांची पुडी असते.