डिस्ने वर्ल्डमध्ये एकट्याने जेवायचंय? आधी खुर्ची बघा, मग मेन्यू

"जस्ट वन?" होस्ट विचारतो, आणि त्याच्या मनात काही नसतं हे माहीत असूनही आपण उगाच ओशाळतो. मग तो चार जणांच्या टेबलाशी नेऊन बसवतो, समोरचे काटे-चमचे आणि घडी घातलेला नॅपकिन उचलून घेऊन जातो, आणि आपल्यासमोर उरते एक रिकामी खुर्ची, जिच्याकडे बघत पुढचा तासभर जेवायचं. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला मी ऑफिसच्या कामाला जोडून तीनदा एकटी जाऊन आलेय. राइड्सचं काहीच वाटलं नाही, उलट काही राइड्सना सिंगल रायडरची वेगळी लाइन असते, एकटं असलं की भर्रकन आत. पण पहिल्या वेळी ह्या रिकाम्या खुर्चीच्या धसक्याने दोन रात्री मी रूमवर चिप्स आणि केळी खाऊन काढल्या, आणि तेही अशा ठिकाणी जिथे खायच्या जागांची नुसती रेलचेल आहे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तर नंतर मला जे कळलं ते एवढंच, की घरच्यांबरोबर असताना आपण मेन्यू बघून हॉटेल ठरवतो, कारण समोर बघायला आणि बडबडायला माणसं असतातच. एकट्याने जाताना आधी बघायचं ते हे, की बसल्यावर डोळ्यांसमोर काय असणार आहे. तळं, जनावरं, ओपन किचन, ग्लास पुसत गप्पा मारणारा बारटेंडर, काहीही चालेल, फक्त रिकामी खुर्ची आणि भिंत नको. जेवण थोडं डावं-उजवं झालं तरी चालतं, जागा चुकली की घास घशाखाली उतरत नाही.

दुसरी गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते, ती म्हणजे डिस्नेच्या रिसॉर्ट हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही आणि त्या हॉटेलात तुम्ही उतरलेले असायची पण गरज नाही. म्हणजे ज्या दिवशी पार्क नाही, त्या दिवशी एखाद्या दुसऱ्याच रिसॉर्टला जाऊन आरामात जेवून येता येतं. एकट्या माणसासाठी तर मी म्हणेन पार्कच्या आतल्यापेक्षा रिसॉर्टमधलीच रेस्टॉरंट बरी, तिथे गोंधळ कमी असतो आणि सर्व्हरला दोन मिनिटं बोलायला वेळ असतो.

माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे अॅनिमल किंगडम लॉज ह्या रिसॉर्टच्या किडानी व्हिलेजमधलं 'सना' रेस्टॉरंट. तिथे आफ्रिकन जेवणाला भारतीय मसाल्यांची जोड आहे, पण मी जाते ते खिडकीसाठी. मोठमोठ्या काचा आणि काचेपलीकडे मोकळं माळरान, त्यात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. मी दुपारी तीनच्या सुमाराला गेले होते, रेस्टॉरंट अर्धं रिकामं, मागितल्यावर खिडकीतलं टेबल मिळालं. ब्रेड सर्व्हिस मागवली, म्हणजे नान, कुलचा, पनीर पराठा असे ब्रेड आणि बरोबर छोट्या छोट्या वाट्यांत नऊ प्रकार: रायता, हमस, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, सांबल वगैरे. सर्व्हर मुलगी एकेका वाटीवर बोट ठेवून "हे तिखट आहे हं, जपून" असं मला समजावत होती, मी पण शहाण्यासारखी मान डोलावत ऐकून घेतलं आणि मग लसणाच्या लोणच्याची वाटी सगळ्यात आधी जवळ ओढली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात एक जिराफ झाडाच्या बुंध्याला टांगलेला चारा खायला आला, मान वाकडी करून जीभ बाहेर काढून सावकाश एकेक पान ओढत होता, आणि आम्ही दोघं आपापलं खात बसलो. फोन एकदाही हातात घेतला नाही. फक्त लक्षात ठेवा, अंधार पडल्यावर खिडकीत आपलाच चेहरा दिसतो, म्हणून इथे उजेड असतानाच जायचं. डिसेंबरात तिकडे साडेपाचलाच सूर्य मावळतो, जूनमध्ये आठ वाजून गेले तरी उजेड असतो, त्या हिशोबाने वेळ ठरवा. आणि ती ब्रेड सर्व्हिस खरं तर दोघा-तिघांची आहे, एकट्याने बाकी काही मागवू नका, मी मागवलं होतं.

रिझर्व्हेशनची कटकटच नको असेल तर वाइल्डरनेस लॉज रिसॉर्टचा 'गायझर पॉइंट'. बे लेकच्या काठावर, भिंतीच नाहीत, वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. इथे बुकिंग घेतच नाहीत, त्यामुळे एकटा माणूस फायद्यात, पाच जणांचं कुटुंब ताटकळत उभं असतं आणि बारजवळची एक सुटी खुर्ची आपल्याला मिळून जाते. बायसन बर्गर इथला फेमस आहे. मॅजिक किंगडम पार्कहून बोटीने जाता येतं, आणि खरं सांगू का, संध्याकाळी त्या बोटीत बसणं हाच निम्मा कार्यक्रम आहे.

लाउंज हा शब्द वाचून पुष्कळ जण, विशेषतः बायका, तिकडे जातच नाहीत, म्हणजे दारूचा अड्डा असेल, एकटीने कसं बसायचं वगैरे. अहो तसं काही नसतं. डिस्नेच्या लाउंजमध्ये लहान मुलं घेऊन आलेल्या आया बसलेल्या असतात आणि पोटभर जेवण मिळतं, कित्येकदा शेजारच्या मोठ्या रेस्टॉरंटच्याच किचनमधून. पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये 'ओहाना' रेस्टॉरंटचं रिझर्व्हेशन मिळणं म्हणजे लॉटरी, पण त्याला लागूनच 'टांबू लाउंज' आहे. कंटेम्पररी रिसॉर्टमध्ये तळमजल्यावर 'स्टेकहाउस ७१' आहे, नावातला आकडा १९७१ चा, म्हणजे डिस्ने वर्ल्ड सुरू झालं ते साल, त्याचंही स्वतःचं लाउंज आहे आणि तिथून मॅजिक किंगडम चालत दहा मिनिटांवर. दारू पिणार असाल तर वय २१ पूर्ण लागतं आणि केस पांढरे झाले असले तरी ओळखपत्र मागू शकतात, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. नसाल पीत तर लिंबू-सोडा घेऊन बसा, कोणी ढुंकूनही बघत नाही.

बीच क्लब रिसॉर्टमधलं 'बीचेस अँड क्रीम' म्हणजे जुन्या अमेरिकन स्टाइलचं आइस्क्रीमचं दुकान, तिथे काउंटरला उंच स्टुलं आहेत. एकट्याने तिथेच बसायचं, समोर सनडे, म्हणजे सॉस वगैरे घातलेली आइस्क्रीमं, बनत असतात, बघायला मजा येते. 'किचन सिंक' नावाचं भांडंभर आइस्क्रीम कोणीतरी मागवतंच आणि मग आख्खं दुकान माना वळवून बघतं. तुम्ही मागवू नका एवढंच.

काहींना उलट सोबत हवी असते, दिवसभर एकटं फिरून तोंडाला कुलूप लागल्यासारखं होतं. त्यांनी एपकॉट पार्कमध्ये जावं, तिथे वेगवेगळ्या देशांचे विभाग म्हणजे पॅव्हिलियन आहेत (इथे मात्र पार्कचं तिकीट लागेल). जपान पॅव्हिलियनमधल्या 'टेपान एडो'त तव्याभोवती सगळ्यांना एकत्र बसवतात, शेफ समोर कांद्याचा ज्वालामुखी वगैरे करून दाखवतो आणि अनोळखी लोक पाच मिनिटांत एकमेकांचे फोटो काढायला लागतात. जर्मनीच्या 'बियरगार्टन'मध्ये पण लांब टेबलं, बुफे आणि बँड. माझ्या शेजारी एक आजी-आजोबा होते, त्यांनी तासाभरात नातवंडांचे शंभरेक फोटो दाखवले, माझ्यासाठी ते जरा जास्तच झालं, पण एखाद्याला आवडेल.

आता कुठे नको. हे माझं मत हं, भांडायला येऊ नका. 'व्हिस्परिंग कॅनियन कॅफे'त सर्व्हर मुद्दाम टिंगल करतात, केचप मागितलं की सगळ्या टेबलांवरच्या बाटल्या आणून तुमच्या पुढ्यात मांडायला लावतात, ग्रुपमध्ये हसून हसून पोट दुखतं पण एकट्या बुजऱ्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. कॅरेक्टर मील, म्हणजे डिस्नेची पात्रं टेबलाशी भेटायला येतात ती जेवणं, त्यांपैकी 'शेफ मिकीज' फार कलकलाटी. हौस असेलच तर रिव्हिएरा रिसॉर्टच्या गच्चीवरच्या 'टोपोलिनोज टेरेस'ला सकाळी जा, मिकी-मिनी-डोनाल्ड-डेझी प्रत्येक टेबलाशी येतात, एकटं माणूस दिसलं म्हणून टाळत नाहीत, उलट माझ्याशी डोनाल्डने जरा जास्तच वेळ नाटक केलं. फोटोसाठी शेजारच्या टेबलाला आधीच सांगून ठेवा. 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स' रेस्टॉरंटला २०२४ मध्ये मिशेलिन स्टार (उत्तम रेस्टॉरंटना मिळणारा नावाजलेला मान) मिळाला, पण तिथे एकामागून एक कोर्स येत राहतात, कपड्यांचे नियम आहेत आणि काही तास बसायचं, ते ज्याला स्वयंपाकात खरंच रस आहे त्यानेच करावं. आणि बुफेचं सांगायचं तर एकट्याने वाढून घ्यायला उठलं की टेबल रिकामं दिसतं, एकदा एका ठिकाणी मी दुसरी प्लेट घेऊन येईपर्यंत माझी पहिली अर्धी प्लेट, पाणी, सगळं उचलून टेबल पुसून झालं होतं. तेव्हापासून उठताना खुर्चीवर स्वेटर टाकते आणि सर्व्हरला "येतेय परत" म्हणून सांगूनच जाते. काउंटरला असाल तर नॅपकिन प्लेटवर पसरून ठेवा. पर्स मात्र बरोबर न्यायची, कोणाच्या भरवशावर सोडायची नाही.

बुकिंगचं थोडक्यात. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, आणि डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं. एकासाठी टेबल शोधलं की कधीकधी काहीच दाखवत नाही, दोघांसाठी टाकलं की दाखवतं. म्हणून दोघांचं करून एकट्याने जाणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, न येणाऱ्या माणसामागे बहुतेक ठिकाणी १० डॉलर लावतात ती गोष्ट वेगळीच. त्यापेक्षा त्याच दिवशी डिस्नेच्या अॅपमध्ये वॉक-अप लिस्ट, म्हणजे बुकिंग नसलेल्यांची वेटिंग लिस्ट, बघायची, रेस्टॉरंटच्या जवळपास असलं की त्यात नाव टाकता येतं, एकासाठी नंबर पटकन लागतो. कॅन्सल करायचं तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, त्यामुळे दुपारी विचार बदलला तरी हरकत नाही. वेळ मात्र आडनिडी निवडा, दुपारी अडीच ते साडेचार किंवा रात्री साडेआठनंतर. साडेपाच ते साडेसात म्हणजे बाबागाड्यांचा ट्रॅफिक जॅम.

शाकाहारी लोकांनी एक बघा, मेन्यूवर हिरवं पान असतं ते पूर्ण व्हीगन पदार्थाचं, म्हणजे त्यात दूध, अंडं, मध काहीच नाही. त्यामुळे चीज-पनीरवाला शाकाहारी पदार्थ पानाशिवायच असतो, नुसती पानं शोधत बसलात तर निम्मे ऑप्शन निसटतील. विचारायला लाजू नका, मांसाच्या स्टॉकमध्ये शिजवलंय का हे पण विचारा, टेबल सर्व्हिस असेल तिथे कधीकधी शेफ स्वतः येऊन बोलतो.

जाण्यायेण्याचा विचार आधी करा, कारण हे मी चुकलेय. एका रिसॉर्टहून दुसऱ्या रिसॉर्टला थेट बस नसते, मधे एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्ज ह्या दुकानं-हॉटेलांच्या भागात उतरून बदलावी लागते. कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन मोनोरेलवर आहेत, रिव्हिएरा आणि कॅरिबियन बीच स्कायलायनरवर (म्हणजे डिस्नेची रोपवे), बीच क्लब एपकॉटच्या मागच्या गेटपासून चालत. 'सना'ला मात्र बस नाहीतर टॅक्सीच, रात्री एकटं असाल तर सरळ टॅक्सी करा, भाडं वाटून घ्यायला कोणी नाही पण स्टॉपवर पाऊण तास उभं राहणं पण नाही.

बिलात साडेसहा टक्के सेल्स टॅक्स वेगळा लागतो आणि टिप १८ ते २० टक्के, सहापेक्षा कमी माणसं असली की टिप आपोआप लावत नाहीत, स्लिपवर आपण लिहायची. चार जणांचं टेबल एकट्याने अडवून दोन तास बसले असेन तर मी थोडी जास्तच ठेवते. बस किंवा फटाके गाठायचे असतील तर जेवण टेबलावर आलं की लगेच चेक, म्हणजे बिल, मागून घ्या.

उरलेलं बांधून मागायला संकोच नको, बुफे सोडून बहुतेक ठिकाणी बॉक्स देतात. 'सना'तले दोन नान आणि अर्धी वाटी लसणाचं लोणचं मी तसंच आणलं होतं, सकाळी हॉटेलच्या फूड कोर्टातल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं, आणि त्या वासाने कॉफीच्या लाइनमधले दोघे वळून विचारायला आले की हे कुठे मिळतंय.