ब्रेक चिकटतोय? आधी चाक शोधा, मग कारण
गाडी जड चालते किंवा एका बाजूला ओढते? थोडं चालवून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात नेऊन पाहा. डिस्कला (चाकामागची ब्रेकची धातूची चकती) स्पर्श नको. जास्त तापलेलं चाक जॅकवर उचला (खाली स्टँड, बाकी चाकांना ठोकळे हवेतच), गाडी न्यूट्रलला ठेवून ते फिरवा. अडलं तर कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करा. ऑइल उडून चाक सुटलं तर दाब अडकलाय: बहुधा ब्रेक ऑइलचा रबरी होज (नळी) आतून बंद झालाय, तो बदलाच. तरीही घट्ट असेल तर कॅलिपरमधला पिस्टन किंवा स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) जाम. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. मागच्या चाकाला आधी हँडब्रेकची केबल तपासा. निपल उघडलात तर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवू नका.