जाडजूड चाकू की पक्कडवाला मल्टिटूल? या चुका टाळा

"यातला कोणता घेऊ?" महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो आणि सोबत दोन फोटो असतात. एकात लाल मुठीचा स्विस चाकू, सगळी पाती पंख्यासारखी उलगडलेली. दुसऱ्यात लेदरमन कंपनीचा किंवा त्याच्या जातीचा एखादा मल्टिटूल, पक्कड बाहेर काढून ऐटीत ठेवलेला. मी विचारतो, "काम काय करायचंय?" उत्तर ठरलेलं: "तसं खास काही नाही, जवळ असावा म्हणून." मग मी लांबलचक काहीतरी लिहितो आणि समोरून येतं, "थोडक्यात सांगा ना." थोडक्यात सांगून झालेल्या खरेदीचं पुढे काय होतं ते बरंच पाहिलंय, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

कामं मोजून चाकू घेणं

ही माझी लाडकी चूक, कारण मी स्वतः केलेली.

व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा स्विसचॅम्प चाकू घ्या. मिटल्यावर लांबी 91 मिलिमीटर, वजन 185 ग्रॅम, कामं 33. एवढंसं वजन आणि 33 कामं! पण ती यादी जरा बोट ठेवून वाचा. किल्ल्या अडकवायची कडी हे एक काम. दातकोरणं हे एक काम. पट्टीवरचे सेंटिमीटर हे एक आणि त्याच पट्टीवरचे इंच हे दुसरं. मी यादीला खोटं म्हणत नाही, पण ती काय मोजते ते समजून घ्या. आणि 91 मिलिमीटर ही फक्त लांबी झाली. जाडी तीन सेंटिमीटरच्या वर जाते. पँटच्या खिशात ठेवून एकदा खाली बसून बघा, म्हणजे कळेल की ही वस्तू खिशासाठी आहे असं निव्वळ म्हणायचं असतं. वेंगर कंपनीने तर 87 उपकरणं आणि 141 कामं असलेला एक राक्षस बनवला होता. त्याला मूठ अशी उरलीच नव्हती. तो शोभेचाच होता आणि ते कोणी लपवलंही नाही. खरेदी करताना मात्र आपण त्याच हिशेबाने चालतो: आकडा मोठा, म्हणजे माल चांगला.

स्विस सैन्याला 1891 पासून मिळालेल्या चाकूत चारच गोष्टी होत्या: एक पातं, एक दाभण, एक डबा उघडायचं पातं आणि एक पेचकस. शिपायाला डबा उघडायचा असे आणि रायफल खोलायची असे. व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक कार्ल एल्सनरने 1897 मध्ये जो अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला, त्यात एक छोटं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू वाढला. तिथपर्यंत प्रत्येक पात्याला कारण होतं.

आता माझी फजिती. लांबच्या सायकल सफरीवर होतो. उतार लागायच्या आधी मागचा ब्रेक एकदम ढिला पडला. ब्रेकची तार जिथे बोल्टखाली दाबलेली असते तिथून सरकली होती. दुरुस्ती सोपी: तार पकडीने ओढून ताणायची आणि दुसऱ्या हाताने ॲलन कीने बोल्ट आवळायचा. मी बॅग उपसून तळातून माझा जाड चाकू काढला. त्यात पक्कड होती, यादीत होतीच. पण ती कात्रीसारखी एका बाजूने उघडते आणि तिच्या एका इवल्याशा दांडीवर दाब द्यायचा असतो, म्हणजे सगळा जोर अंगठ्याचा. तार बोटभर ओढली की दातांतून सुळकन निसटायची. आणि जितका जोर लावावा तितकी उरलेली पाती तळहातात रुतायची. पंधरा-वीस मिनिटं ही झटापट चालली. मागून येणारे एक वयस्कर सायकलस्वार थांबले, पट्ट्याच्या पाकिटातून मल्टिटूल काढला, तार धरली, ताणली आणि मला म्हणाले, "आवळा." अर्ध्या मिनिटात काम झालं. चाकूकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे मल्टिटूलचा जन्मच अशा वैतागातून झालाय. टिम लेदरमन 1975 मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. खिशात साधा स्काउट चाकू. गाडी सारखी रुसायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, या चाकूला एक पक्कड असती तर! घरी येऊन तो चाकूत पक्कड बसवायच्या मागे लागला. वर्षं गेली आणि शेवटी जे तयार झालं ते उलटंच होतं: पूर्ण ताकदीची पक्कड, आणि चाकू तिच्या दांड्यांच्या पोटात. चाकूवाल्या कंपन्या म्हणाल्या हे अवजार आहे, अवजारवाल्या म्हणाल्या हे चाकूसारखं काहीतरी आहे. बाजारात यायला 1983 उजाडलं. जो प्रश्न सोडवायला त्या माणसाची एवढी वर्षं गेली, तो 33 कामांच्या यादीतली चिमुकली पक्कड सोडवेल असं मी का धरून चाललो होतो, देव जाणे.

मग सरळ मल्टिटूलच घेणं

वरचं वाचून लगेच मल्टिटूल मागवायला निघालेले असाल तर थांबा, कारण ही दुसरी चूक.

लेदरमन वेव्ह प्लस 241 ग्रॅमचा आहे, म्हणजे त्या जाड चाकूपेक्षाही जड. खिशात टाकला की पँट एका बाजूला ओढली जाते, म्हणून तो पट्ट्यावर जातो. पट्ट्यावर पाकीट बांधून हिंडायचा कंटाळा येतो, म्हणून तो बॅगेत जातो. बॅगेतून टेबलाच्या खणात. आणि पार्सलची चिकटपट्टी तुम्ही पुन्हा घराच्या किल्लीने फाडायला लागता.

शिवाय पक्कडवाल्याने फळ कापून बघा. पातं धुता येतं, पण रस दांडीच्या खाचेत उतरतो आणि दोन दिवसांनी सांधे चिकटतात. मूठ म्हणून हातात येतात दोन पत्र्याचे दांडे, त्यांच्या कडा बोटाला लागतात. कात्रीची गोष्ट तर सोडूनच द्या. स्विस चाकूची कात्री ही माझ्या मते खिशात मावणाऱ्या हत्यारांतली सगळ्यात गुणी वस्तू आहे. नख, धागा, पट्टी, औषधाची पाकिटं, सगळं त्यावर निघतं. बहुतेक मल्टिटूलांच्या कात्रीला मी उपकार म्हणून सहन करतो.

माझी सवय सांगतो. खरेदीआधी पंधरा दिवस पाकिटात एक कोरी चिठ्ठी ठेवायची. "आत्ता हातात काहीतरी हवं होतं" असं वाटलं की त्यावर एक शब्द लिहायचा: कापणं, स्क्रू, डबा, तार, नट, काटा काढणं. पंधरा दिवसांनी चिठ्ठी वाचायची. त्यात धरणं, ओढणं, पिळणं, वाकवणं आठवड्यातून दोनदा जरी आलं असेल तर पक्कड घ्या. तसलं काहीच नसेल आणि निम्मी चिठ्ठी कापण्याने भरली असेल, तर मुठीत पात्यांचे दोन-तीनच थर असलेला पातळ चाकू घ्या: एक मोठं पातं, कात्री, डबा आणि बाटली उघडायची पाती. तो खिशात आहे हे तुम्ही विसराल, आणि तसंच व्हायला हवं. हा उपाय ऐकून दहातले आठ जण हिरमुसतात. पंधरा दिवस थांबायचं? त्यांना आजच हवं असतं, कारण उद्या सवलत संपते. बरं, पंधरा दिवसांत चिठ्ठी कोरीच राहिली तर? मग तुम्हाला काहीच नको आहे. हे उत्तर तर कोणालाच आवडत नाही.

माझ्या स्वतःच्या चिठ्ठीत पक्कड फक्त सायकलीच्या दिवशी यायची. म्हणून पातळ चाकू रोज खिशात आणि मल्टिटूल सायकलीच्या पिशवीत. दोन हत्यारं म्हणजे दुप्पट खर्च, मान्य आहे. पण एक जाड चाकू घेऊन तो न वापरणं हाही खर्चच.

मल्टिटूलच्या पकडीला पाना समजणं

नवशिक्यांच्या हातून मल्टिटूल सगळ्यात जास्त इथे मार खातो, आणि त्याच्याआधी बिचारा नट.

पकडीचे जबडे नटाला दोन बाजूंनी धरतात आणि तेही टोकाशी निमुळते होत. नट सैल असेल तर फिरतो. गंजलेला किंवा घट्ट असेल तर जबडे किंचित उघडतात आणि कोपऱ्यांवरून घसरतात. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा नटाचे कोपरे गेलेले असतात. आता खरा पाना आणला तरी तो बसत नाही. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने चाकाच्या आसाचा नट असाच गोल करून ठेवला. मी म्हणत होतो, "अरे, पाना येतोय, दहा मिनिटं थांब." दहा मिनिटं नव्हती त्याच्याकडे. नंतर तो नट काढायला अख्खी दुपार होती. शिवाय पक्कड सटकल्यावर मूठ चाकाच्या आऱ्यांवर आपटून बोटांची सालं निघाली ती वेगळीच.

पक्कड नट धरून ठेवण्यासाठी वापरा, म्हणजे दुसऱ्या बाजूने बोल्ट फिरवता येतो. फिरवायचा जोर पान्याने लावा.

याच जातीची दुसरी चूक मीच केली आहे. नवा मल्टिटूल होता, तार कापायची धार होती, मग ब्रेकची जादा तार कापूया म्हटलं. ही तार म्हणजे कडक पोलादाच्या बारीक धाग्यांचा पीळ. माझ्या पकडीने ती कापली कमी आणि चावली जास्त. धागे झाडूसारखे फिसकटले, ती तार पुन्हा टोपणात गेली नाही, आणि धारेला दोन खड्डे पडले ते कायमचे. तेव्हापासून ब्रेकची तार मी तार-कटरनेच कापतो. मल्टिटूलने तांब्याची, ॲल्युमिनियमची, फार तर मऊ लोखंडी बांधणीची तार. स्प्रिंग आणि पियानोची तार अजिबात नाही. वेव्ह प्लससारख्या काहींमध्ये ही कापायची पाती बदलता येतात. ती सोय चांगली आहे, पण खड्डे पाडायचा परवाना नव्हे.

खोलातल्या स्क्रूला जाड मुठीने भिडणं

स्विस चाकूच्या पाठीवर बुचाच्या स्क्रूऐवजी फुलीचा पेचकस असेल तर मूठ आडवी धरून जोर छान लागतो. पण स्क्रू खोल भोकात किंवा भिंतीला लागून असला की मूठ आधी भिंतीला टेकते. मग माणूस पेचकस तिरका धरतो आणि फुली झिजवून टाकतो. अशा जागी साधा लांब पेचकस आणा. अर्ध्या फेरीने पुढे जाणारी कामं चाकूने रेटू नका.

लॉक नसलेलं पातं टोचायला वापरणं

नेहमीच्या स्विस चाकूचं पातं लॉक होत नाही, ते फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभं असतं. कापताना जोर धारेकडून येतो, म्हणून पातं उघडं राहतं. भोक पाडायला टोक खुपसलं आणि ते अडकून वाकडं झालं, की पातं थेट बोटांवर मिटतं. भोकासाठी दाभण आहे. तेही लॉक होत नाही, तेव्हा जोर सरळ रेषेत द्या. लॉकच हवं असेल तर तसं मॉडेल निवडा, पण राहता त्या किंवा जाणार त्या देशाचा कायदा आधी बघा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, लॉक न होणारा घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक होणाऱ्यासाठी मात्र सबळ कारण लागतं.

बाकीच्या, पटापट

जिवंत वायरला मल्टिटूल लावू नका. दांडे अखंड धातूचे असतात, प्लास्टिकची मूठ दिसली म्हणून ती विजेपासून वाचवेल असं नाही.

पात्याने रंगाचे डबे उचकटणं: टोक मोडतं. त्यासाठी बाटली उघडायच्या पात्याचं चपटं टोक आहे.

स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही, हा गैरसमज. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवा, उघडा ठेवून वाळवा.

सांधा कडक झाला की आधी कोमट पाण्यात उघडझाप करून कचरा काढा, मग तेलाचा एकच थेंब. कचऱ्यावर तेल ओतलं की लापशी होते.

हुबेहूब दिसणारी स्वस्त नक्कल: पक्कड उजेडासमोर मिटून धरा. टोकं जुळत नसतील, जबड्यांमधून फट दिसत असेल, तर परत ठेवा.

आणि विमान. दोन्हीपैकी काहीही हातातल्या बॅगेत नेऊ नका. पातळ चाकू रोज खिशात असतो, म्हणून निघताना हाताला लागतो आणि मी तो काढून ठेवतो. जाड चाकू मात्र बॅगेच्या तळाशी कधीचा पडून होता हे मला तपासणीच्या पडद्यावर दिसलं. तिथल्या पेटीत तो गेला, तेहतीसच्या तेहतीस कामांसकट.