जुन्या जीपला माणसांची बॉडी बांधण्याआधी

सोलापूर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर लांब चॅसिसच्या जुन्या जीप अजून बऱ्याच उभ्या आहेत. कुणी डेअरीला दुधाचे कॅन घातले, कुणी कडबा आणि खताची पोती ओढली, आणि त्या नादात मागचे बाक केव्हाच निघून गेले. आता घरात नातवंडं झाली. म्हातारी माणसं अक्कलकोटला जायचं म्हणतात, पौषात पुण्याहून पाहुणे हुरड्याला येतात. इंजिन ठणठणीत आहे, मग मागे बंद केबिन बांधून सगळ्यांना एकत्र का नेऊ नये? नेता येतं, आणि चांगलं नेता येतं. फक्त फॅब्रिकेटरला गाडी दाखवण्याआधी बरंच काही उरकावं लागतं.

पहिलं काम आरसी बुक काढण्याचं. त्यावर आसनक्षमतेचा जो आकडा आहे, त्यावरच केबिनचा नकाशा ठरतो. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. असा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रान्सपोर्ट म्हणून नोंदलेल्या गाडीत क्षमतेपेक्षा जास्त बसवलेल्या प्रत्येक माणसामागे २०० रुपये दंड आहे, आणि जास्तीची माणसं उतरून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडत नाहीत. म्हणजे आज दोघं-तिघं बसतात आणि आरसीवर नऊ-दहा लिहिलेत, तर तिथपर्यंत जायचं. त्यापुढे एकही नाही. गाडी आरसीवर मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर आधी आरटीओत लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पत्र्याला कटर लावू नका. ‘आमच्या पाव्हण्यानं केलंय, काही होत नाही’ या बोलण्यावर तर मुळीच नाही.

जीप पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक निर्णय आत्ताच घ्यावा लागेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते, पण तिचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन मुळातलंच असावं लागतं, आणि ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. व्हिंटेजची पाटी आणि घरच्यांना फिरवणारी गाडी, या दोन्ही गोष्टी एका जीपमध्ये मिळत नाहीत. अस्सल जुनी, न कापलेली जीप असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तिला हात लावू नका. ज्या जीपचे आधीच हाल झालेत तिच्यावर हे काम करा.

बाकी कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी हे सगळं चालू असू द्या. विमा कंपनीला काम सुरू होण्याआधी कळवा आणि प्रवाशांची संख्या पॉलिसीवर आली का ते बघा. हुरड्याच्या पाहुण्यांकडून गाडीचे पैसे घ्यायचे असतील, तर पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, जीप चालत नाही. चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत माणसं भाड्याने नेणारी गाडी मॅक्सीकॅब ठरते, तिचं परमिट वेगळं. शेत आपलं, रस्ता आपला, मग कोण विचारतंय, असं समजू नका. अपघात झाला की विमावाला तेच विचारतो.

आता काटा. रिकामी जीप डिझेलची टाकी भरून जवळच्या वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याचा असो की एमआयडीसीतला, एकदा पूर्ण गाडीचं, मग फक्त पुढच्या आणि फक्त मागच्या चाकांचं वजन घ्या. तिन्ही पावत्या जपून ठेवा. माणूस आणि त्याची पिशवी मिळून ७५ किलो धरा. दहा माणसं म्हणजे ७५० किलो, त्यात नवी केबिन, काचा आणि बाकांचं लोखंड वेगळं. रिकाम्या जीपचं वजन धरून ही बेरीज कंपनीने भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या एकूण वजनाच्या आत बसली पाहिजे. बसत नसेल तर केबिन हलकी करायची, स्प्रिंगचे पाटे वाढवून वेळ मारून न्यायची नाही. जादा पाट्याने मागची बाजू उचललेली दिसते, पण एक्सल, ब्रेक आणि टायर होते तेवढेच राहतात.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे पडतं हेही बघायचं, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. समजा चाकांमधलं अंतर २४० सेंटिमीटर आहे आणि शेवटचा बाक मागच्या एक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे टाकला. त्यावर मिळून दीडशे किलोची दोन माणसं बसली की मागच्या एक्सलवर सुमारे १८७ किलो येतात आणि पुढची चाकं ३७ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पकड सोडतात, रात्री हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. म्हणून शेवटचा बाक जितका एक्सलच्या पुढे सरकवता येईल तितका सरकवा. टपावर कॅरियर नकोच. उंचावर ठेवलेली बॅग वळणावर गाडीला कलंडायला मदत करते. सामान पायाशी राहू द्या.

गाडी पिटवर चढवली की सगळ्यात आधी गंज शोधा. खताच्या पोत्यांनी आणि सांडलेल्या दुधाने फ्लोअर खाल्लेला असतो, तो वरून रबर मॅटखाली दिसत नाही. मॅट काढा, चिखल खरवडा, आणि चॅसिसच्या चॅनेलवर वीतवीतभर अंतराने छोट्या हातोडीचे टोले मारत पुढून मागे जा. चांगलं लोखंड खणखणतं. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. बॉडी जिथे चॅसिसला बसते त्या ठिकाणी, आणि पाटे चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलजवळ, टोक आत गेलं तर बाक-गादीचा विषय तिथेच थांबवा. आधी ते चॅनेल नीट करून घ्या, आणि ते काम चॅसिसचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडूनच. गेट-ग्रिल करणारा हात कितीही सफाईदार असला तरी हे त्याचं काम नाही.

बाकांबद्दल मी हट्टी आहे. समोरासमोरचे लांब बाक सोपे पडतात आणि त्यांवर दोन माणसं जास्त कोंबता येतात, हे खरं. पण ब्रेक लागला की आडवा बसलेला माणूस शेजाऱ्यावर आदळतो, आणि त्याला बांधून ठेवेल असा पट्टा नीट बसवता येत नाही. कंपनीच्या मूळ तपशिलात पुढे तोंड असलेली आसनं बसत असतील तर तीच घ्या आणि प्रत्येकाला पट्टा द्या. मूळ मांडणी आडव्या बाकांचीच असेल, तर निदान पोरांना मधल्या पुढे-तोंडाच्या सीटवर पट्ट्यात बसवा. पट्ट्याचा बोल्ट नुसत्या पत्र्यात कसून भागत नाही. खालून किमान तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी, नाहीतर झटक्यात बोल्ट पत्रा फाडून वर येतो. पट्टे नवे घ्या. अपघातातल्या गाडीचा पट्टा एकदा ताणला गेलेला असतो, तो भंगारातून स्वस्तात मिळाला तरी नको. गादीला रेक्झिन नको, उन्हात ते चटके देतं. आपल्या सोलापुरी चादरीच्या जाड सुती कापडाचे काढता येणारे अभ्रे शिवा, काळ्या मातीची धूळ दर आठवड्याला धुऊन निघते.

मागचं दार हा दुसरा हट्ट. जुन्या जीपच्या फाळक्याची कडी बाहेरून लागते. मोकळ्या जीपमध्ये त्याने काही बिघडत नव्हतं, कारण माणूस वरून उडी मारू शकत होता. केबिन बंद केली की तीच कडी मागे बसलेल्यांना कोंडून ठेवते. आतून एका हाताने, अंधारात, सत्तरीच्या आजींनाही उघडता येईल असं हँडल हवं. पायदान जमिनीपासून गुडघ्याच्या खाली राहील असं, वर खडबडीत पत्रा, आणि दाराच्या आत धरायला उभा दांडा. काचा फक्त टफन्ड. दुकानातली साधी काच किंवा अ‍ॅक्रिलिक बसवू देऊ नका. काळी फिल्म लावायची नाही. जुन्या साच्याच्या बऱ्याच जीपमध्ये डिझेलची टाकी चालकाच्या सीटखालीच असते, त्यामुळे एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी येईल असा पुढे लावा.

बंद केबिनमध्ये धूर शिरणं फार वाईट, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. सायलेन्सरचा पाइप बॉडीच्या कडेच्या बाहेर निघाला पाहिजे. इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं घाला, फ्लोअरमधलं प्रत्येक भोक रबरी ग्रोमेटने बुजवा. मग इंजिन चालू ठेवून, मागची खिडकी उघडून, आत एक पेटती उदबत्ती धरा. उभ्या गाडीत धूर बाहेर जातो का आत वळतो ते दिसतं. चालत्या गाडीत मागे हवेची पोकळी तयार होते आणि उघडी मागची खिडकी धूर आत ओढते, म्हणून मागची काच बंद ठेवून हवा पुढून आणि टपावरच्या झडपेतून यावी अशी रचना करा.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा एकेरी पत्र्याच्या टपाखाली माणूस बसू शकत नाही. टप दुहेरी करा, मध्ये इंचभर पोकळी ठेवा, बाहेरून पांढरा रंग द्या. थर्माकोल भरू देऊ नका, तो पेटला की विषारी धूर सोडतो. एसीचा मोह होईल, पण या इंजिनांची ताकद मोजकी असते. तो भार त्यांच्यावर नको.

ब्रेक शेवटी लिहितोय, पण पैसे आधी त्यासाठी बाजूला काढा. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि बहुतेकदा एकच ब्रेक लाइन असते. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. व्हील सिलिंडर, होज, लायनिंग, मास्टर सिलिंडर सगळं नवं करा. इंजिन चालू नसताना पेडल मिनिटभर जोरात दाबून ठेवा. पाय हळूहळू खाली जात असेल तर आत कुठेतरी गळतंय. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी वस्तीवर वर्षानुवर्षं उन्हात उभा राहिलेला टायर बदलायचाच.

केबिन पूर्ण झाल्यावर लगेच घरच्यांना बसवू नका. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती बाकांवर बांधा, पुन्हा काट्यावर जाऊन तिन्ही वजनं घ्या आणि आधीच्या पावत्यांशी ताडून पाहा. मग एखाद्या पहाटे रहदारी नसताना तुळजापूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून या. खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम जास्त तापला असेल किंवा गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल, तर लायनिंग पुन्हा अ‍ॅडजस्ट करून घ्या. प्रत्येक बाकाचे आणि पट्ट्याचे बोल्ट पान्याने परत कसा, आणि मग आरटीओत तपासणीची तारीख घ्या.