मुंबई ते न्यूयॉर्क: तिकीट काढायच्या आधी एवढं वाचा

नवीन येणारे सगळे आधी हेच विचारतात, किती तास लागतात. अंतर साधारण 12,500 किमी, थेट विमानाला इकडे अमेरिकेत येताना 16 तासांच्या आसपास आणि परत जाताना 14 च्या, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, येताना ते समोरून लागतात आणि जाताना पाठीशी असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केल्यावर आपल्या कंपन्यांना वळसा पडला, तेव्हा वेळेचा अंदाज जरा सैलच धरा. इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. झालं.

आता खरं सांगायचंय ते. साइटवर नुसतं न्यूयॉर्क टाकलं की तीन एअरपोर्ट दिसतात, जेएफके, लागार्डिया आणि न्यूअर्क. जेएफके न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात आणि न्यूअर्क न्यू जर्सीत, राज्यच वेगळं! नकाशावर दोघांत सरळ रेषेत 33-34 किमी, व्हीटी ते ठाणे एवढं, म्हणून मला वाटलं चार तास मधे आहेत, आरामात पोचू. मुंबई-जेएफके एक तिकीट आणि पुढे ओहायोतल्या कोलंबसला जायचं न्यूअर्कहून दुसरं, स्वस्त पडलं म्हणून. इमिग्रेशनच्या रांगेतच दीड तास गेला, मग बॅगा, मग टॅक्सी जी व्हॅन विक एक्सप्रेसवेवर जागची हलेना, मीटर पडतोय, बायकोच्या मांडीवर सुतळीने बांधलेली बॅग, आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघतोय. पोचलो तेव्हा काउंटर बंद. तिकिटं वेगळी, त्यामुळे पहिल्या कंपनीची जबाबदारी नाही आणि दुसरीच्या लेखी आम्ही आलोच नाही. दोघांची नवी तिकिटं त्या दिवसाच्या भावाने काढली, पहिल्या महिन्याच्या भाड्याचे पैसे त्यात गेले.

म्हणून हात जोडून सांगतो, एकच तिकीट, एकच एअरपोर्ट, मधे किमान चार तास. एकच तिकीट असलं तरी अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे सहसा बॅगा स्वतः घेऊन कस्टम्समधून काढून परत द्याव्या लागतात, हे मुंबईच्या काउंटरवर नीट ऐकून घ्या. आपली इथली जुनी मंडळी "अरे ट्रेनने जा, सोपंय" म्हणतात, पण एअरट्रेन म्हणजे एअरपोर्टची छोटी गाडी, जमैका स्टेशनहून लोकल, मॅनहॅटनचं पेन स्टेशन, परत दुसरी लोकल, परत एअरट्रेन, हे पाठीवर एक सॅक असेल तर ठीक, 23-23 किलोच्या चार बॅगा घेऊन नाही. पन्नास डॉलर वाचवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, न्यायला येणारा एखादाच. न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा नातेवाईक न्यायला येणार असेल तर त्याला न्यूयॉर्क सांगू नका, एअरपोर्टचं नाव सांगा.

आईवडील येणार असतील तर व्हीलचेअर तिकिटातच मागा, चालता येत असलं तरी. फळं आणू नका, आंबा तर नाहीच.

आणि विमान 15 तारखेला रात्री साडेबाराचं असेल तर घरून 14 लाच संध्याकाळी निघायचंय.