एपिड्युरल घेणार असाल तर कशावर लक्ष ठेवायचं

एपिड्युरल म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी पाठीत सुईने बारीक नळी घालून त्यातून दिलेलं बधिर करणारं औषध. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर कळा सुरू होण्याची वाट न पाहता भूलतज्ज्ञांना सांगा. एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या छोट्या, गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या डोसनंतर 12 तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसनंतर 24 तास सुई टोचत नाहीत. प्लेटलेट्स फार कमी असल्या किंवा टोचायच्या जागी गळू असलं तरी टाळतात. आत रक्त वा पू साठून नसा दाबल्या जाण्याची भीती असते; हे क्वचितच होतं, पण झालं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

सुई टोचताना पाठीला पोक काढून बसा. कळ येतेय असं वाटलं की बोला, डॉक्टर थांबतात. त्या क्षणी हललात तर सुई मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याला भोक पाडू शकते.

एपिड्युरलच्या डोसनंतर दर 5 मिनिटांनी बीपी बघतात. मळमळलं, गरगरलं तर लगेच सांगा. कुशीवर वळवून, सलाईन आणि औषध देऊन बीपी वर आणतात. उशीर झाला तर बाळाचे ठोके मंदावतात.

एकाच बाजूला दुखत राहिलं तर दात-ओठ खाऊन सोसू नका. नळी थोडी मागे ओढून किंवा नव्याने घालून हे सुधारतं. ऐनवेळी सिझेरियन करायची वेळ आली तर त्याच नळीतून भूल देतात. ती नीट चालत नसेल तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते. एपिड्युरलमुळे सिझेरियन वाढत नाही. जोर लावायचा टप्पा मात्र लांबतो आणि लघवीसाठी नळी लागू शकते.

औषध बंद केल्यावर 4 तासांनी झोपूनच पाय सरळ ठेवून उचलून बघा. उचलता आला नाही, किंवा बधिरपणा वाढतोय, लघवी होत नाही, असं असेल तर नर्सला तिथेच सांगा. ‘सकाळपर्यंत बघू’ चालणार नाही.

शंभरात साधारण एकीला पडद्याच्या भोकामुळे डोकं दुखतं. बसलं की ठणकतं, आडवं झालं की उतरतं. बहुतेकदा तोवर बाळंतीण घरी आलेली असते, आणि ‘जागरण झालंय, कान बांध’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. गोळ्यांनी राहिलं नाही तर तुमचंच 15-20 मिली रक्त त्या जागी सोडून भोक बुजवतात. ताप किंवा मान आखडणं सोबत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.