इंदुरात राहून उद्योगभाष्यकार व्हायचंय? सोयाबीनपासून सुरुवात करा

रामबागेतल्या ओळखीच्या घरांतली मुलं कॉलेज संपत आलं की विचारतात, "काका, बाजारावर बोलायचं, स्वतःचं चॅनल काढायचं तर मुंबईला जावंच लागेल ना?" मी हे काम इंदुरातूनच करतो, मराठीत आणि हिंदीत, आणि घर त्यावरच चालतं. म्हणून ठामपणे सांगतो: आधी मुंबई नको, कॅमेराही नको. आधी एक धंदा पकडा आणि तो तळापर्यंत समजून घ्या.

इंदूरच्या मुलाला तो शोधत हिंडायची गरज नाही. छावणीच्या मंडीत सोयाबीन येतं आणि सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची देशपातळीवरची संघटना, सोपा, तिचं कार्यालय याच शहरात आहे. हंगामात लिलावाच्या वेळी जाऊन उभे राहा. व्यापारी ढिगात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडतो आणि ओलाव्याचा अंदाज बांधून बोली लावतो. तिथे "भाव का पडला?" असं विचारू नका, "ऊपर से मंदी है" एवढंच उत्तर मिळेल. "प्लांटवाले आज कितीने घेतायत?" आणि "डीओसी कितीला गेली?" हे विचारा.

प्लांटवाले म्हणजे सोयाबीनचं तेल काढणारे कारखानदार आणि डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली, कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी पेंड. सगळं गणित तिच्यात आहे. एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. समजा तेल १२० रुपये किलो आहे आणि पेंड ३२ रुपये. तेलाचे झाले २,१६० आणि पेंडीचे २,५६०. म्हणजे ज्याला आपण तेलबी म्हणतो त्यात पेंडीचेच पैसे जास्त! गाळपाचा खर्च आणि आपला नफा बाजूला काढून जे उरेल, तेवढाच भाव प्लांटवाला देऊ शकतो.

हे हाताशी ठेवून सप्टेंबर २०२४ कडे बघा. केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क, अधिभार धरून, ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. आता सोयाबीनला तेजी येणार, असं जो तो म्हणू लागला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मंडीतला भाव त्या हंगामात बराच काळ त्याच्याखालीच राहिला. तेल महागलं खरं, पण पेंडीला उठाव नव्हता. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा, डीडीजीएस, कोंबड्यांच्या खाद्यासाठी स्वस्तात मिळू लागला होता. शुल्काची बातमी सगळ्यांकडे होती. इथेनॉलपासून छावणीतल्या ढिगापर्यंतचा धागा जो दाखवू शकला, त्याचं लोकांनी ऐकलं.

एक धंदा असा पक्का झाला की कंपन्यांकडे वळा. इंदूरचीच रुची सोया घ्या: २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, २०१९ मध्ये पतंजलीने घेतली, २०२२ मध्ये पतंजली फूड्स झाली. तिचे जुने वार्षिक अहवाल ओळीने वाचा. कर्ज, येणी आणि रोकड यांचं नातं त्यातच शिकाल. नफ्याचा आकडा शेवटी बघा, आधी खालच्या टिपा. सूचिबद्ध कंपन्यांना वर्षाच्या पहिल्या तीन तिमाहींचे निकाल ४५ दिवसांत शेअर बाजाराला द्यावे लागतात आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात, तेव्हा प्रेसनोटवर विसंबण्याचं कारणच नाही.

साहित्याबद्दल फार विचार करू नका. मोबाईल आणि कॉलरला लावायचा माइक पुरतो. मात्र बोलण्याआधी लिहून काढा.

पैशाचं मात्र पहिल्या दिवशी ठरवा. ज्यांच्यावर बोलणार त्यांची जाहिरात घ्यायची नाही. प्लांटवाल्याचे पैसे एकदा घेतले की पेंडीच्या भावाबद्दल तुमचं वाक्य मऊ पडतं आणि ते मंडीला लगेच कळतं. उधारीवर पसारा वाढवण्याचं काय होतं ते मोठ्यांकडे बघून शिका. राघव बहल यांनी टीव्ही१८ हा वाहिन्यांचा समूह शून्यातून उभा केला, सीएनबीसी-टीव्ही१८ ने देशाला शेअर बाजार बघायची सवय लावली. तो मान त्यांचाच. पण समूहावर कर्ज चढलं, २०१२ मध्ये रिलायन्सच्या ट्रस्टचा पैसा आला आणि २०१४ मध्ये समूहाची मुख्य कंपनी नेटवर्क१८ हिचा ताबा रिलायन्सकडे गेला. माझ्या मते माध्यमाच्या धंद्यात हळू वाढणं हाच मालकी टिकवायचा रस्ता आहे.

आणखी एक, इंदूरकरांनी विशेष लक्षात ठेवावं. शेअरच्या टिप्स देणाऱ्या फोनांमुळे आपलं शहर पुरेसं बदनाम झालंय. पैसे घेऊन "हा घ्या, तो विका" सांगायचं असेल तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकांसाठीचे नियम २०१४ पासून आहेत. नोंदणी नसेल तर धंद्यावर बोला, शेअरच्या खरेदी-विक्रीवर नाही. स्वतःजवळ एखाद्या कंपनीचे शेअर असतील तर पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

बोलण्यासाठी लिहून काढलेलंच दर आठवड्याला अंक म्हणून पाठवा आणि त्याची वर्गणी मागायला लाजू नका. नातेवाईक कौतुक करतील, पण पैसे देणारा वाचक वेगळा असतो: छावणीतला आडत्या, सियागंजचा किराण्याचा ठोक व्यापारी, पिथमपूरला माल पुरवणारा छोटा कारखानदार. त्यांना काही अंक फुकट द्या आणि मग दर सांगा. अंक रविवारी संध्याकाळी पाठवा, म्हणजे सोमवारच्या लिलावाआधी तो त्यांच्या वाचनात येईल.